इनिक्विटी की इनेक्विटी?

आरोग्यसेवेतल्या विषमतेवर इंग्रजीत अहवाल लिहिताना ‘इनेक्विटी’तल्या ‘ई’च्या जागी चुकून ‘आय’ टाइप झाला, तर संगणक त्याखाली लाल रेघ ओढत नाही. ओढणार तरी कशी? ‘इनिक्विटी’ हाही शब्दकोशातलाच शब्द आहे. फक्त विषमतेवर लिहायला बसलेला माणूस पापावर लिहून मोकळा झालेला असतो.

गंमत म्हणजे दोन्ही शब्दांचं मूळ एकच. लॅटिनमध्ये ‘ऐक्वुस’ म्हणजे सपाट, समतल, आणि त्यावरूनच सारखं आणि न्याय्य. इक्वल, इक्वेटर, ॲडिक्वेट ही सगळी त्याचीच पिलावळ. त्याला नकाराचा ‘इन्’ लागून ‘इनिक्वुस’ झाला, म्हणजे खडबडीत, उंचसखल. रोमन सेनानी ज्युलियस सीझर गॉलमधल्या (साधारण आजच्या फ्रान्समधल्या) युद्धाच्या हकिगतीत लढायला अडचणीच्या जागेसाठी हाच शब्द वापरतो. शत्रू टेकाडावर, आपलं सैन्य उतारावर, अशी जागा. जमीन सम नाही, म्हणून लढतही सम नाही. तिथून ‘अन्याय्य’ हा अर्थ एका पावलावर होता.

मग ‘ऐ’चा ‘इ’ कसा झाला? जुन्या लॅटिनमध्ये पुढे उपसर्ग लागला की मधला स्वर दबायचा. ‘अमीकुस’ म्हणजे मित्र, त्याला ‘इन्’ लागला की ‘इनिमीकुस’, म्हणजे शत्रू. इंग्रजीतला ‘एनिमी’ तिथलाच. ‘इनिक्विटी’ असा दबलेल्या स्वरासकट जुन्या फ्रेंचमधून साधारण 1300च्या सुमारास इंग्रजीत आला. ‘इनेक्विटी’ 16व्या शतकातला, ‘इक्विटी’ला, म्हणजे न्याय्यतेला, ‘इन्’ जोडून तयार केलेला. म्हणून त्यात ‘इक्विटी’ जशीच्या तशी दिसते. मला स्पेलिंग लक्षात ठेवायला एवढं पुरतं: आत ‘इक्विटी’ दिसली की विषय वाटपाचा.

‘इनिक्विटी’ला पापाचा रंग चढवला तो धर्मग्रंथांनी. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये हा शब्द पानोपानी भेटतो, बहुतेकदा हिब्रू ‘आवोन’च्या जागी, आणि त्या शब्दाच्या मुळाशी वाकडेपणा आहे असं मानतात. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. कुणाचं वाकडं पाऊल पडलं म्हटलं की आपणही पायाबद्दल बोलत नसतो. मात्र मराठीत ‘विषमता’ शब्दाने पापापर्यंत मजल मारली नाही, तो ‘इनेक्विटी’पाशीच थांबला.

वापरताना मला महत्त्वाचा वाटतो तो आरोपाचा फरक. इनेक्विटी व्यवस्थेतही असू शकते. एका भागात दवाखाना पाच मिनिटांवर, दुसऱ्या भागात पाच तासांवर. हे अन्याय्य आहे, पण त्यामागे कुणी दुष्ट माणूस असलाच पाहिजे असं नाही. इनिक्विटी म्हटलं की कुणाच्या तरी नीतीवर बोट जातं. ‘डेन ऑफ इनिक्विटी’ म्हणजे दुराचाराचा अड्डा, तिथे वाटपाचा हिशेब कुणी मागत नाही.

तरी ‘इनिक्विटी’तला ‘अन्याय्य’ हा जुना अर्थ पुरता पुसलेला नाही. एखाद्या कराला ‘इनेक्विटेबल’ म्हटलं, तर बोजा नीट वाटलेला नाही एवढीच तक्रार होते. त्याच कराला ‘इनिक्विटस’ म्हटलं, तर तो लादणाऱ्यांना लाज वाटायला हवी, असं बोलणाऱ्याला म्हणायचं असतं.