निळी चमक, पिवळं क्रोम आणि थोडा हिशेब

‘चमकणारे नॅनोकण घरबसल्या पाणी तपासणार’ अशा मथळ्यांचा सध्या सुकाळ आहे. कण खरे, चमकही खरी. ‘घरबसल्या’चा तेवढा हिशेब करायला हवा.

नाशिकच्या सातपूर-अंबडकडे क्रोम प्लेटिंगची कामं चालतात. प्लेटिंगनंतरच्या धुवणीत हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे सहा संयुजेचं विषारी ‘क्रोम सहा’, उतरतं. दाट असलं तर पाणी पिवळं दिसतं, विरळ झालं की नितळ.

ते पकडायला कार्बन डॉट्स, म्हणजे कार्बनचे चमकणारे नॅनोकण, वापरतात. आकार १० नॅनोमीटरच्या आत. ते बनवायची कृती: १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, ०.३ मिलि इथिलीनडायअमीन, १० मिलि शुद्ध पाणी. टेफ्लॉन अस्तराच्या बंद स्टीलच्या भांड्यात २०० अंशांवर ५ तास. (भांडं काठोकाठ भरलं तर दाबाने फुटू शकतं.) तपकिरी द्रव इतका पातळ करायचा की जेमतेम फिकट दिसेल, दाट ठेवला तर कण स्वतःचाच प्रकाश अडवतात. ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चखाली तो निळा उजळतो.

आता गंमत. क्रोमियम या कणांना हातही न लावता चमक घालवू शकतं. अल्कधर्मी पाण्यात क्रोम सहा क्रोमेटच्या रूपात असतं. ते ३७२ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश सर्वाधिक शोषतं, म्हणजे टॉर्चचा प्रकाश कणांपर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत गिळतं. कण धडधाकट, पण उपाशी. लीटरला ५ मिलिग्रॅम क्रोमियम असेल, तर १ सेंटिमीटर रुंद नळीच्या मध्यापर्यंत जाताना साधारण ४० टक्के प्रकाश संपतो. डोळ्यांना फरक कळतो. पण सांडपाण्याची मर्यादा ०.१ मिलिग्रॅम आहे. तिथे घट जेमतेम १ टक्का! डोळा सोडा, साधा मोबाइल कॅमेराही तिथे फसतो. पिण्याच्या पाण्यात तर एकूण क्रोमियमचीच मर्यादा ०.०५.

शिवाय चमक घटली म्हणजे क्रोमच, असं नाही. आम्लधर्मी धुवणीतलं फेरिक लोह हेच करतं. म्हणून सामू (pH) ९ च्या आसपास नेऊन लोहाचा साका गाळून टाकायचा. क्रोमेट पाण्यातच राहतं. मग चिमूटभर व्हिटॅमिन सी. क्रोम सहाचं क्रोम तीन होतं, ते टॉर्चचा प्रकाश तसा गिळत नाही, आणि चमक परतते. चमक रंगाच्या कारखान्याच्या पाण्यामुळे घटली असेल, तर सहसा परतत नाही. तुलनेसाठी ठेवलेल्या कोऱ्या (क्रोम नसलेल्या) नमुन्यातही तेवढंच व्हिटॅमिन सी घालायला विसरू नये, कारण सामू बदलला की कणांची चमकही हलते.

सिंहस्थ जवळ आला की ‘गोदामाई आपोआप शुद्ध होते’ हे ऐकू येतंच. सेंद्रिय घाण जिवाणू खातात, हे खरं. क्रोमियम मूलद्रव्य आहे, ते खाऊन संपत नाही. फार तर क्रोम तीन होऊन गाळात बसतं.

कारखान्याच्या रिडक्शन टाकीत, म्हणजे क्रोम सहाचं तीन करतात तिथे, त्यासाठीचं रसायन मेटाबायसल्फाइट पुरेसं पडलं का, याचा झटपट अंदाज घ्यायला हे कण कामाचे. शेवटच्या अंशासाठी मात्र रंग बदलून क्रोम सहा दाखवणारं जुनं रसायन डायफिनाइलकार्बाझाइडच: आम्लात ०.१ मिलिग्रॅमलाही फिकट गुलाबी होतं, आणि टॉर्चही लागत नाही.