दाव्याला आतली बाजू असते, छत्रीला नसते

८ मार्च २०२४ ला गाझामध्ये विमानातून टाकलेल्या मदतीची छत्री (पॅराशूट) उघडली नाही, पेट्या लोकांवर कोसळल्या आणि पाच जण दगावले, अशी बातमी तिथल्या अधिकाऱ्यांच्या हवाल्याने आली होती. अशा बातमीनंतर आपण विमान, वारा, वैमानिक यांच्याबद्दल बोलतो. छत्रीच्या कापडाबद्दल सहसा कुणी विचारत नाही, कारण नायलॉनला काही होत नाही ही समजूत पक्की आहे.

यावल-रावेरकडच्या कुठल्याही खळ्यात दोन उन्हाळे पडून राहिलेलं बैलाचं दावं उचला. वरून ते खरबरीत, पांढरट झालेलं असतं आणि बोटांना भुकटी लागते. पीळ उलगडला तर आतले धागे मात्र नव्यासारखे चकाकतात. (‘नायलॉनचं’ म्हणून मिळणारं दावं बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीनचं असतं, पण ऊन दोघांनाही खातं.)

नायलॉन म्हणजे हजारो कड्यांची लांबलचक साखळी. कार्बन आणि नायट्रोजनमधला बंध तोडायला मोलमागे (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक प्रचंड संख्या) साधारण ३०५ किलोज्यूल ऊर्जा लागते, तर ३०० नॅनोमीटरच्या अतिनील किरणात मोलमागे जवळपास ४०० किलोज्यूल असतात. बंध तुटला की मोकळं टोक हवेतल्या ऑक्सिजनला पकडतं, त्यातून नवे आक्रमक रेणू तयार होतात आणि ते शेजारची साखळी तोडतात. साखळ्या आखूड झाल्या की धागा ताण घेत नाही. चकाकी कमी करायला धाग्यात टायटॅनियम डायऑक्साइड घातलेला असेल, तर तो उन्हात ही मोडतोड आणखी वाढवतो. उष्णतेनेही वेग वाढतो, म्हणून भुसावळच्या ४५ अंशांत पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेलं नायलॉन धाब्याच्या घरात ठेवलेल्यापेक्षा लवकर म्हातारं होतं.

जाड दाव्यात वरचा थर आतल्या धाग्यांना सावली देतो. छत्रीचं कापड कागदाइतकं पातळ, त्याला आतली बाजूच नाही. अमेरिकी सैन्याची जी-११ ही मालवाहू छत्री १०० फूट व्यासाची असून सुमारे २,२७० किलो वजन पेलते, पण त्या कापडाची ताकद किती उरली हे डोळ्यांना दिसत नाही. फाडून बघितलं तर कळेल, पण मग छत्रीच उरत नाही.

तपासनीस डोळ्यांना दिसतं ते सगळं बघतो. छत्री लांब टेबलावर पसरून एकेक पाकळी (कापडाची पट्टी) उजेडासमोर धरायची, भोक, घासून वितळलेली कड, सुटलेली शिवण, बुरशी, गंजाचा डाग शोधायचा. आम्लाचा संशय असेल तर डागावर ब्रोमोक्रेसॉल ग्रीनचा थेंब टाकतात. पिवळा झाला तर आम्ल आहे. मालाखालचे कागदी हनीकोंबचे (मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ कप्प्यांचे) गठ्ठे ओले किंवा आधीच दबलेले नाहीत ना, हेही बघायचं, कारण चिरडून धक्का सोसणं हेच त्यांचं काम.

सर्वात फसवी चूक बांधणीत होते. काही गाठी सुती दोऱ्याच्या असतात आणि त्या ठरलेल्या ओढीला तुटाव्यात म्हणूनच बांधलेल्या असतात. कुणी ‘पक्कं राहू दे’ म्हणून तिथे नायलॉन लावलं की ती गाठ सुटत नाही आणि छत्री पिशवीतच राहू शकते. बाजारातल्या दोरीवरच्या ‘मिलिटरी ग्रेड’ शिक्क्यावर विश्वास ठेवणाऱ्यांनी हे समजून घ्यावं. सैन्याला प्रत्येक जागी नेमक्या ताकदीची दोरी हवी असते, सगळीकडे जास्तीत जास्त मजबूत नव्हे.

जे दिसत नाही, त्याच्यासाठी नोंदवही. क्रमांक, बनवल्याची तारीख, प्रत्येक घडीची तारीख, किती वेळा टाकली, कधी भिजली, काय दुरुस्त केलं, घडी कुणाची, तपासणी कुणाची. माल बांधणाऱ्याने स्वतःच्याच कामावर तपासनीस म्हणून सही करायची नसते. वरच्या ओळीची नक्कल करत ‘ठीक, ठीक’ लिहिलेलं पान हे भोकापेक्षा धोकादायक, कारण भोक उजेडात दिसतं. चुकलेली नोंद खरवडत नाहीत. एक रेघ मारून बाजूला सही करतात, म्हणजे आधी काय लिहिलं होतं तेही वाचता येतं. आणि बनवल्याची तारीखच सापडत नसेल, तर कापड कितीही कोरं दिसो, ती छत्री मालाला जोडायची नाही.