फॉरमॅट मारण्याआधी

गेल्या पावसाळ्यात डिचोलीला मामांच्या घरचा जुना डेस्कटॉप बंद पडला. बटण दाबलं की पंखा फिरायचा, दिवा लागायचा, स्क्रीन मात्र काळीच. त्यात देवस्थानचे कितीतरी वर्षांचे हिशेब आणि जत्रेतल्या संगीत नाटकांची रेकॉर्डिंग्ज. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आलेली. महिनाभर कोणी तो लावलाच नव्हता, असं मामा फोनवर म्हणाले, आणि मला तिथेच शंका आली.

गोव्यात कॉम्प्युटर वापराने जेवढे बिघडतात तेवढेच न वापरण्याने बिघडतात. जुलैमध्ये हवेतली सापेक्ष आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास जाते, आणि समुद्रावरून येणारा वारा मिठाचे बारीक कण घेऊन येतो. साधं मीठ आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं ना, तेच कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य बोर्डावर, म्हणजे मदरबोर्डवर, सूक्ष्म प्रमाणात घडतं. मशीन चालू असलं की आतल्या उबेने ही ओल टिकत नाही. बंद मशीनला ती ऊब नसते.

वायर काढली, बटण थोडा वेळ दाबून धरलं म्हणजे उरलेला विद्युतभार निघून जातो, आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मगच रॅमची, म्हणजे तात्पुरत्या मेमरीची, पट्टी उपसली; तिचा संपर्क तुटला तर स्क्रीन काळीच राहते. खालच्या कडेला सोनेरी बोटांसारखे संपर्क असतात. टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर त्यांच्यावर मळकट, तपकिरी छटा होती. सोनं गंजत नाही हे खरं, पण इथला मुलामा बहुतेक वेळा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड! त्या मुलाम्यात सूक्ष्म छिद्रं असतात, खाली निकेल आणि त्याखाली तांबं. खारट ओल छिद्रांतून आत शिरते, खालचा धातू गंजतो आणि त्याची पुटं वर येतात. मग विजेचा संपर्क कधी होतो, कधी होत नाही. खोडरबराने घासायची सवय सगळीकडे आहे, पण त्याने आधीच पातळ असलेलं सोनं खरवडलं जातं. मी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसलं. कापडावर काळपट रेघा उमटल्या. वाळू दिलं, पट्टी दोन्ही टोकांना टक् वाजेपर्यंत बसवली आणि स्क्रीन उजळली.

पण विंडोज येईना. बूट करायला, म्हणजे सिस्टीम सुरू करायला, डिस्कच सापडत नाही, असा संदेश. मामांनी दुकानात फोन लावला, तर तिकडून एकच सल्ला: फॉरमॅट मारावा लागेल, म्हणजे डिस्क पूर्ण पुसावी लागेल. या सल्ल्याने किती घरांतले फोटो आणि वह्या गेल्या असतील, या विचाराने मला खरोखर वाईट वाटतं. यंत्र दुरुस्त झाल्यावर सिस्टीम दिसत नसेल, तर बहुतेक वेळा ती डिस्कवर जागच्या जागी असते. हरवलेला असतो तो तिचा पत्ता.

हा पत्ता कुठे असतो? जुन्या पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइट्सच्या सेक्टरमध्ये. यूईएफआय नावाच्या नव्या पद्धतीत डिस्कवर एक छोटा विभाग असतो, विंडोजमध्ये बहुधा १०० एमबीचा, आणि त्यातली नेमकी कुठली फाइल उघडायची याची नोंद मदरबोर्डवर असते. मामांच्या बोर्डावरचा ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल संपला होता. घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं, आणि सेटिंग मूळ पदावर येऊन जुन्या पद्धतीने डिस्क शोधू लागलेलं. सेल बदलला, तारीख लावली, सेटिंग यूईएफआयवर आणलं. विंडोज आलं, हिशेब आले, नाटकंही आली.

नेहमी इतकं सोपं नसतं. नोंदीच बिघडल्या असतील तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून बीसीडीबूट या कमांडने त्या पुन्हा लिहिता येतात. त्याआधी लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह, म्हणजे थेट पेन ड्राइव्हवरूनच चालणारी दुसरी सिस्टीम, लावून फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र काहीच चालवू नये, मशीन लगेच बंद करावं.

नव्या लॅपटॉपांची गोष्ट वेगळी. त्यांतल्या बऱ्याच डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने कुलूपबंद असतात आणि ते कुलूप मदरबोर्डवरच्या टीपीएम या सुरक्षा चिपशी बांधलेलं असतं. बोर्ड बदलला की डिस्क धडधाकट असूनही रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडणारा लांबलचक आकडा, मागते. ती नसेल, तर डेटा कोणालाच काढता येत नाही, दुकानदारालाही नाही. ही की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, पण खात्याचा पासवर्डही आठवायला हवा.

हे ऐकून मामेबहिणीने आपला लॅपटॉप उघडला. मामांनी हिशेबाच्या वहीचं शेवटचं पान पुढे केलं, आणि तिने सावकाश, एकेक अंक मोठ्याने वाचत, रिकव्हरी कीचे सहा-सहा अंकांचे आठही गट उतरवून घेतले.