हिरमोड कसा होतो

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी पुण्यातल्या आमच्या घरी हापूसची पेटी उघडली, तेव्हा वरचे गवत बाजूला सारण्याआधीच आंब्याचा वास खोलीभर पसरला होता. माझा सात वर्षांचा भाचा सकाळपासून पेटीभोवती घुटमळत होता. आत्याने त्यातला सर्वांत देखणा आंबा निवडला, तो धुऊन भाच्यासमोर कापला, आणि आत पांढुरका, स्पंजासारखा, आंबट गर निघाला. आंब्यात साका होता. हा दोष बाहेरून दिसत नाही आणि आंबा हाताने चाचपूनही कळत नाही, त्यामुळे विक्रेत्यालाही बोल लावता येत नाही. भाच्याने फोड तोंडाला लावली, खाली ठेवली आणि काही न बोलता खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. “अरेरे, पोराचा हिरमोड झाला,” आत्या म्हणाली.

‘तो निराश झाला’ असे ती म्हणाली नाही, आणि मराठी कानाला ते खटकलेही असते. ‘निराशा’ आणि ‘हिरमोड’ हे शब्द आपण समानार्थी म्हणून शिकतो, परंतु बोलताना त्यांची सरमिसळ सहसा करत नाही. निराशा ही अवस्था आहे. ती दिवसेंदिवस राहू शकते, दाटू शकते, एखाद्याच्या स्वभावातही मुरू शकते. हिरमोड मात्र ‘होतो’ किंवा कोणीतरी तो ‘करतो’. ‘गेले दोन महिने माझा हिरमोड चालू आहे’ असे वाक्य कोणी बोलत नाही, कारण हिरमोडाला एक क्षण असतो आणि तो क्षण कोणता, हे नेमके सांगता येते: आंबा कापला तेव्हा, तिकीट खिडकी बंद झाली तेव्हा, गुणपत्रिका हातात आली तेव्हा. त्या क्षणाआधी काहीतरी चांगले होणार अशी खात्री असावी लागते. ज्याने कशाचीही वाट पाहिलेली नाही, त्याचा हिरमोड होऊ शकत नाही. शब्दाच्या वापरातच दडलेल्या या दोन अटी, म्हणजे नेमका क्षण आणि आधीची अपेक्षा, मेंदूविज्ञानाला प्रयोगशाळेत जवळजवळ जशाच्या तशा सापडल्या आहेत, आणि म्हणूनच हा शब्द मला फार मोलाचा वाटतो.

आधी अपेक्षेचा विचार करू. आपल्याकडे पावसाचा हिशेबही अपेक्षेवरूनच मांडतात. वर्षभरात ६० सेंटिमीटर पाऊस झाला तर सोलापूरचा शेतकरी समाधानी असतो. तेवढाच पाऊस महाबळेश्वरात झाला तर तो भीषण दुष्काळ ठरेल. हवामान खात्यासाठी मोसमी पावसाचा दीर्घकालीन अंदाज पुण्यात तयार होतो आणि तोही निव्वळ सेंटिमीटरमध्ये न सांगता दीर्घकालीन सरासरीच्या टक्केवारीत सांगितला जातो. देशासाठी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची ही सरासरी सध्या ८७ सेंटिमीटर धरली जाते. पाऊस किती पडला, याच्या जोडीने तो किती पडायला हवा होता हे ठाऊक असल्याशिवाय ‘कमी’ या शब्दाला अर्थ येत नाही. मेंदूचा हिशेबही याच धर्तीचा आहे.

याचा एक जुना आणि बोलका प्रयोग १९२८ साली अमेरिकेत टिंकलपॉ या मानसशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केला. माकडाच्या डोळ्यांदेखत एका भांड्याखाली केळे ठेवायचे, मग त्याला दिसणार नाही अशा रीतीने केळे काढून तेथे लेट्यूसचे पान ठेवायचे आणि माकडाला भांडे उघडू द्यायचे, अशी योजना होती. एरवी हीच माकडे लेट्यूस मुकाट्याने खात असत. या वेळी मात्र माकडाने हात पुढे केला, थबकले, भांड्याच्या आत-बाहेर आणि आजूबाजूला शोधले, पान तसेच टाकून दिले आणि कधीकधी तर निरीक्षकांकडे वळून चीत्कार केला. पानात काहीच दोष नव्हता. ते केळे नव्हते, एवढेच. माकडाच्या मनात ‘केळे’ अशी ठरावीक अपेक्षा होती, हे या वागण्यावरून दिसले. परंतु ती मेंदूत कोठे आणि कशी नोंदली जाते, हे समजायला पुढे बराच काळ जावा लागला.

ते उत्तर वोल्फ्राम शुल्त्स या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतील एकेका पेशीचे विद्युत्स्पंद मोजून शोधले. मध्यमेंदूत डोपामिन हे रसायन स्रवणाऱ्या पेशींचा एक लहानसा समूह असतो. माणसाच्या मेंदूतील सुमारे ८,६०० कोटी पेशींपैकी या पेशी अवघ्या काही लाख भरतात. एरवी त्या सेकंदाला काही मोजके स्पंद देत राहतात. माकडाला अचानक फळांच्या रसाचा थेंब मिळाला की स्पंदांची एक झड येत असे. यावरून ‘डोपामिन म्हणजे आनंदाचे रसायन’ असा निष्कर्ष काढून थांबता आले असते, आणि लोकप्रिय लिखाणात बहुतेक वेळा तेथेच थांबतात. शुल्त्स यांनी मात्र पुढे पाहिले. रस देण्याआधी दरवेळी एक खूण दाखवायला सुरुवात केल्यावर काही दिवसांत पेशींची झड त्या खुणेच्या वेळी येऊ लागली आणि प्रत्यक्ष रस मिळताना पेशी आपल्या नेहमीच्या लयीतच राहिल्या. रस तोच, गोडीही तीच, पण तो अपेक्षेप्रमाणे मिळाल्यामुळे त्यात नोंद घेण्याजोगे नवीन काही उरले नव्हते.

पुढचा भाग आपल्या शब्दाशी थेट जोडलेला आहे. खूण दाखवली आणि रस दिलाच नाही, तर रस यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी पेशींचे स्पंद घटले आणि काही काळ जवळजवळ थांबले. बाहेर त्या क्षणी काहीच घडलेले नव्हते. प्रकाश नाही, आवाज नाही, चव नाही. तरीही पेशींनी ‘न घडलेल्या’ गोष्टीची वेळेवर नोंद केली होती. अपेक्षेत काय मिळणार हे असतेच, शिवाय ते केव्हा मिळणार हेही असते, असा याचा अर्थ होतो. शुल्त्स, पीटर डायन आणि रीड मॉन्टॅग्यू यांनी १९९७ साली ही निरीक्षणे गणिताच्या चौकटीत बसवली: पेशींचा संदेश म्हणजे मिळालेले फळ (म्हणजे बक्षीस, येथे रस) वजा अपेक्षित फळ. उत्तर धन आले तर झड, शून्य आले तर नेहमीची लय, ऋण आले तर शांतता. या वजाबाकीला शास्त्रज्ञ अंदाजातील चूक म्हणतात. ती ऋण असेल तेव्हा आपण ज्याला हिरमोड म्हणतो, त्याची मेंदूतील पहिली नोंद होते, असे मला वाटते. ती नोंद म्हणजे संपूर्ण भावना नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. तोंड उतरणे, घशात आवंढा येणे, खिडकीपाशी जाऊन उभे राहणे यांत मेंदूचे इतर अनेक भाग सामील असतात.

या पेशींना गप्प कोण करते? मेंदूच्या मध्यभागी, थॅलॅमस या भागाच्या मागच्या बाजूला हॅबेन्युला नावाचा चिमुकला भाग आहे. लॅटिनमध्ये या नावाचा अर्थ ‘छोटा लगाम’ असा होतो. २००७ साली मासायुकी मात्सुमोतो आणि ओकिहिदे हिकोसाका यांनी माकडांमध्ये दाखवून दिले, की अपेक्षित फळ मिळणार नाही असे कळताच पार्श्व हॅबेन्युलातील (म्हणजे हॅबेन्युलाच्या बाहेरच्या बाजूच्या भागातील) पेशी चेतवल्या जातात आणि त्यांच्यापाठोपाठ डोपामिनच्या पेशी मंदावतात. शरीररचनेवरून पडलेले नाव कामालाही इतके चपखल लागू पडावे, याचे मला अजूनही नवल वाटते.

हिरमोड आणि निराशा यांचे नाते याच लगामाशी येऊन भिडते. लगाम क्षणभर ओढला गेला तर तो हिरमोड. तो सतत ओढलेलाच राहिला तर काय होईल? नैराश्यसदृश लक्षणे असलेल्या उंदरांमध्ये पार्श्व हॅबेन्युलाच्या पेशी अवाजवी जोराने, झडी देत काम करतात आणि केटामिन या औषधाने त्या झडी थांबतात, असे चीनमधील हायलान हू यांच्या गटाने २०१८ साली दाखवले. उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला सरसकट लावता येत नाहीत, आणि नैराश्याची कारणे एकाच केंद्रात शोधणे चुकीचे ठरेल. तरीही ‘होणारा’ हिरमोड आणि ‘राहणारी’ निराशा हा भाषेतला भेद निरर्थक नाही, एवढे यावरून नक्कीच म्हणता येते.

मराठीत या कुळातले आणखी शब्द आहेत आणि प्रत्येकाचे काम वेगळे आहे. ‘अपेक्षाभंग’ लेखी भाषेत शोभतो. ‘भ्रमनिरास’ होतो तेव्हा एखादा आंबा वाईट निघत नाही, तर त्या बागेविषयीचा आपला विश्वासच ढळतो. ‘चुटपुट’ आणि ‘रुखरुख’ मात्र अगदी निराळ्या. त्यांत जे घडले त्याची तुलना, घडू शकले असते अशा एखाद्या गोष्टीशी केलेली असते. १९८४ साली लॉस एंजेलिसला पी. टी. उषा यांचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले, त्याची चुटपुट या देशाला अजून आहे. मेडवेक, मेडी आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील खेळाडूंचे चेहरे निकालाच्या क्षणी किती आनंदी दिसत होते, ते निरीक्षकांना दहापैकी गुण देऊन ठरवायला सांगितले. रौप्यपदक विजेत्यांना सरासरी ४.८ आणि कांस्यपदक विजेत्यांना ७.१ गुण मिळाले. दुसरा आलेला खेळाडू सुवर्णाकडे पाहत होता आणि तिसरा आलेला पदकाविना परतणाऱ्या चौथ्याकडे, असे या संशोधकांनी त्याचे स्पष्टीकरण दिले.

यात स्वतःच्या निवडीचा भाग आला की पश्चात्ताप सुरू होतो. २००४ साली फ्रान्समधील संशोधकांनी जुगाराच्या एका सोप्या खेळात असे पाहिले, की डोळ्यांच्या खोबणीच्या वर असलेल्या मेंदूच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांना ‘दुसरा पर्याय घेतला असता तर’ हा सल जाणवत नव्हता आणि पुढच्या खेळीत तो टाळण्याची काळजीही ते घेत नव्हते. आंब्याच्या बाबतीत भाच्याचा हिरमोड झाला, पण तो आंबा निवडणाऱ्या आत्याला रुखरुख लागली; आंबा एकच असूनही दोघांच्या वाट्याला वेगवेगळे शब्द आले.

अपेक्षाच ठेवू नये म्हणजे हिरमोड होणार नाही, असा सल्ला आपल्याकडे वडीलधारी माणसे देतात. तो अर्धाच खरा आहे. लंडनमध्ये रॉब रटलेज आणि सहकाऱ्यांनी मोबाइलवरील एका खेळाद्वारे १८,००० हून अधिक लोकांना मधूनमधून विचारले, की या क्षणी तुम्ही किती आनंदी आहात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की किती कमाई झाली यापेक्षा ती अपेक्षेहून किती वेगळी होती, यावर आनंद अधिक अवलंबून होता. मात्र चांगल्या फळाची अपेक्षा निकाल लागण्यापूर्वीच स्वतःचा थोडा आनंद देत होती. पेटीभोवती घुटमळण्यात भाच्याची जी सकाळ गेली, ती साका निघाल्याने वाया गेली असे म्हणूनच मी मानत नाही.

दुसरा आंबा आत्याने स्वयंपाकघरात कापला, आधी स्वतः चाखला आणि मगच फोडींची वाटी बाहेर आणली. भाच्याने पहिली फोड हुंगली, तिला जिभेचे टोक लावले, क्षणभर थांबला आणि मग वाटी घेऊन खिडकीपाशीच बसला.