गाडीच्या मागे लटकलेली डर्ट बाईक

स्पर्धेच्या डर्ट बाईकला हेडलाइट नसतो, इंडिकेटर नसतात, नंबर प्लेट नसते. त्यामुळे ती चालवत सरावाच्या जागेपर्यंत नेता येत नाही. पिकअप हाताशी नसेल तर एसयूव्हीच्या मागे हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा लोखंडी सांगाडा, बसवतात, त्याच्या चौकोनी नळीत कॅरियर सरकवतात आणि त्यावर बाईक आडवी उभी करतात. ‘दोन माणसांएवढंच तर वजन’ हा हिशेब मात्र इथे चुकतो. माणसं पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये बसतात, बाईक मागच्या चाकांच्याही मागे लटकते.

बाईक 110 किलो आणि लोखंडी कॅरियर 25 किलो धरू, म्हणजे 135. बाईकचा मध्य मागच्या ॲक्सलपासून 1.4 मीटर मागे आणि गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, 2.75 मीटर. 135 ला 1.4 ने गुणून 2.75 ने भागलं की साधारण 69 येतात. पहारीने चिरा उचकटताना होतं तेच इथे होतं: मागचा ॲक्सल हा टेकू, बाईक हे पहारीचं दाबलेलं टोक. पुढच्या चाकांवरचा 69 किलो भार उचलला जातो आणि मागच्या चाकांवर 135 नव्हे, 204 किलो जास्तीचे पडतात. हेडलाइट वर पाहू लागतात, स्टिअरिंग हलकं होतं. पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी असेल तर आंबोलीच्या ओल्या चढावर चाक जागीच फिरू शकतं. अशा गाडीला हे कॅरियर लावूच नये.

हिचची ट्रेलर ओढण्याची क्षमता मोठी दिसते, पण इथे पाहायची ती खाली दाबणाऱ्या वजनाची मर्यादा. अमेरिकी वर्गवारीतल्या 2 इंची क्लास 3 हिचला ती सहसा 500 पौंड, म्हणजे 227 किलो असते. सव्वा इंची नळी सायकलींसाठी ठीक, मोटरसायकलसाठी नाही. 135 किलो, कॅरियर नळीत अडकवणाऱ्या पिनपासून अर्धा मीटर मागे असले तर उभ्या गाडीतही जोडावर सुमारे 660 न्यूटन-मीटरचा पीळ असतो, आणि खड्ड्यात तो क्षणभर दुप्पट-तिप्पट होतो. नळी आणि तिच्यात सरकणारी कॅरियरची दांडी यांच्यात एक-दोन मिलिमीटरची फट असली की प्रत्येक धक्क्याला हातोडा बसतो. ही फट आवळणारा क्लॅम्प लावावाच, आणि हिचचे बोल्ट पहिल्या 50 किलोमीटरनंतर पुन्हा कसावेत.

कोकणात खरी परीक्षा जंगरवर, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या सपाट बोटीवर, होते. दाभोळ-धोपावे असो वा जयगड-तवसाळ, जेटी पाण्याकडे उतरते आणि तिथून जंगरची फळी वर चढते. मागची चाकं या खोलगटात आली की शेपटीच्या दृष्टीने दोन्ही उतारांची बेरीज होते. कॅरियरची कड ॲक्सलपासून 1.5 मीटरवर आणि जमिनीपासून 40 सेंटिमीटर उंच असेल, तर कड जमिनीला टेकेपर्यंत हातात जेमतेम 15 अंश उरतात. मागचे स्प्रिंग दबून गाडी बसते ते वेगळंच. जेटीचे 7 आणि फळीचे 9 झाले की कड खरवडलीच. दांडी 8 सेंटिमीटरने उंच उठवलेली घेतली तर कोन 18 अंशांजवळ जातो. तरीही शंका असेल तर बाईक उतरवून ढकलत चढवावी.

रुंदीकडेही लक्ष हवं. पूर्ण आकाराची डर्ट बाईक साधारण 2.18 मीटर लांब, गाडी 1.82 मीटर रुंद. म्हणजे दोन्ही बाजूंना 18 सेंटिमीटर चाक बाहेर. वाडीतल्या वळणावर गाडीचं अंग सुटतं आणि बाईकचं चाक गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागतं. मागचे दिवे आणि नंबर प्लेट झाकली गेली तर तो नियमभंग आहे, म्हणून त्यांची सोय आधी करायची. मागे बाहेर आलेल्या भाराबद्दल आरटीओत आधी विचारून घ्यावं. बाईकचा टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर येत नाही ना, तेही पाहावं.

बांधणीत सर्वाधिक चुका होतात. रॅचेटचे, म्हणजे खटक्याने आवळायचे, चार पट्टे लागतात: दोन हँडलला, दोन मागच्या फ्रेमला. हँडलला हुक थेट न अडकवता मऊ पट्ट्याचा फास घालावा. पुढचा फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे स्प्रिंगवाले दांडे, एक-तृतीयांश ते निम्मा दबेपर्यंत दोन्ही बाजू आळीपाळीने ओढाव्यात, कारण दबलेला फोर्कच स्प्रिंग होऊन पट्टा ताठ ठेवतो. ओढ कमी पडली तर खड्ड्यात फोर्क दबतो, पट्टा क्षणभर ढिला होतो आणि हुक निसटतो. फार ओढला तर फोर्कचं सील तेल गाळू लागतं. टायर आणि मडगार्डच्या मध्ये लाकडी ठोकळा घातला की ही भीती उरत नाही. पट्टा पॉलिएस्टरचाच घ्यावा. नायलॉन पाणी शोषून ताणतो, म्हणून मुसळधार पावसात घट्ट बांधलेली बाईक तासाभरात डुलू लागते. वाऱ्याने पट्टा फडफडत असेल तर त्याला एक पीळ द्यावा. पेट्रोल कॉक बंद करावा आणि पहिल्या 10-15 किलोमीटरवर थांबून प्रत्येक पट्टा हाताने ओढून पाहावा.

उरतं खारं वारं. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, तांबडी माती तो नळीत साठवते, आणि गंज आतून सुरू होतो. कॅरियर महिनाभर गाडीलाच राहिलं तर दांडी नळीत इतकी घट्ट बसते की घणाने ठोकावी लागते. फेरी संपली की ते काढावं, नळी आणि 16 मिलिमीटरची पिन गोड्या पाण्याने धुवावी, वाळल्यावर ग्रीस लावावं. पिनेवर खाच पडलेली दिसली तर ती बदलावी.