चांदण्यात रंग पाहणारे डोळे

ऊन कललं की गुलबक्षी उमलते. इंदूरच्या रामबागेत, नारायणबागेत जुन्या घरांच्या कुंपणाशी ती कुणी न लावताही उगवलेली असते. तिच्या पाकळ्या म्हणून आपण जे पाहतो तो खरं तर रंगीत निदलपुंज, म्हणजे फुलाचं बाहेरचं आवरण. या फुलाला पाकळ्याच नसतात. दिवसाची फुलपाखरं गेल्यावर ही फुलं उघडतात कुणासाठी?

दिवेलागणीनंतर थांबलात तर हॉकमॉथ दिसेल. जाडजूड देहाचा हा पतंग फुलावर बसत नाही. हवेत एका जागी तरंगत तो घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली सोंड उलगडतो आणि थेट फुलाच्या नळीत घालतो.

वासाचा माग तो काढतोच, पण त्याचे डोळेही अचाट आहेत. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात आल्मुट केल्बर आणि सहकाऱ्यांनी एका युरोपीय हॉकमॉथला रंगीत कृत्रिम फुलांतून साखरपाणी शोधायला शिकवलं. 2002 साली त्यांनी जाहीर केलं, की चंद्र नसताना ताऱ्यांचा असतो तेवढ्याशा उजेडातही तो रंग ओळखतो! अशा वेळी आपल्या डोळ्यांतल्या शंकूपेशी निकामी होतात. उरलेल्या दंडपेशींना रंग कळत नाही, म्हणून आपल्याला सगळं करडं दिसतं. पतंगाच्या डोळ्यात मात्र शेकडो भिंगांतून आलेला प्रकाश एकाच ठिकाणी एकवटतो.

शरदातल्या संध्याकाळी पश्चिमेला अभिजित तारा चमकत असतो. तो 25 प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे पतंगाला वाट दाखवणाऱ्या उजेडात 25 वर्षांपूर्वी तिथून निघालेले किरणही असतात. मला बाग आणि आकाश वेगळी वाटेनाशी होतात ती इथे.

हे पाहायचं तर अंगणातला दिवा बंद हवा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलकडे एकदा पाहिलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा; दंडपेशींना लाल उजेड फारसा जाणवत नाही.

सकाळी तगर आणि कण्हेरही तपासा. पानं कुरतडलेली आणि खाली काळसर लेंड्या दिसल्या, तर वर कण्हेरीच्या हॉकमॉथची हिरवी, निळ्या डोळ्यांसारखे ठिपके असलेली अळी असू शकते. कण्हेरीचं विष ती पचवते. कोश करायच्या सुमारास ती तपकिरी होऊन खाली उतरते आणि पाचोळ्यात शिरते. इंदूरकरांना झाडलोटीची हौस मोठी, पण तेवढे दिवस त्या झाडाखालचा पाचोळा राहू द्या.