दादागिरीपुढे कराटे: मुलांच्या गोष्टीत न सांगितलेला भाग

अंगाने लहान, बुजरा मुलगा. त्याला रोज गाठणारा वर्गातला दांडगट. मग एक म्हातारे गुरू, पहाटेचा सराव, घाम गाळलेले महिने आणि शेवटी सगळ्यांसमोर एकच नेमका फटका; दांडगट जमिनीवर. युद्धकलेवरच्या मुलांच्या गोष्टी बहुतेक याच वाटेने जातात आणि मुलांना त्या मनापासून आवडतात. आवडायलाच हव्यात. जो मुलगा रोज खाली मान घालून शाळेतून परततो, त्याला ‘तुलाही ताठ उभं राहता येईल’ एवढं जरी गोष्टीने सांगितलं, तरी ते थोडं नाही.

पण दादागिरी आणि युद्धकला या दोन्हींवर गेल्या पन्नास वर्षांत जे संशोधन झालंय ते वाचलं, की गोष्टीची मांडणी उलटी वाटू लागते. शेवटचा फटका हा त्यातला सर्वांत कमी कामाचा भाग आहे. कामाच्या गोष्टी दोन ओळींत उरकलेल्या असतात: पवित्रा, श्वास, वाकून केलेला नमस्कार, जोडीदाराला न दुखवता केलेला सराव. आणि कडेला उभी राहून बघणारी मुलं तर गोष्टीत जवळजवळ नसतातच.

आधी दादागिरी म्हणजे नेमकं काय ते पाहू, कारण इथेच मोठ्यांचा घोटाळा होतो. ‘मुलं भांडतात, आपोआप मिटतं’ असं आपण सहज म्हणून जातो. डॅन ओल्व्हेउस या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात स्वीडन आणि नॉर्वेमध्ये या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. दादागिरी ओळखण्याच्या त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही जगभर वापरतात: त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा दिला जातो आणि दोन बाजूंच्या ताकदीत फरक असतो. ही ताकद दंडातलीच असते असं नाही. मित्रांची संख्या, वय, वर्गातला मान, एखादं गुपित ठाऊक असणं, यांपैकी काहीही चालतं. तिसरी खूण महत्त्वाची. बरोबरीच्या दोघांतलं भांडण पुष्कळदा मिटतं. दादागिरी मिटत नाही, कारण एका बाजूला ती मिटवण्याची ताकदच नसते. उत्तर नॉर्वेतल्या तीन मुलांनी १९८२च्या अखेरीस आत्महत्या केल्या आणि त्यामागे सोबत्यांचा छळ असावा असं समोर आलं, तेव्हा तो देश हादरला. पुढच्याच वर्षी तिथल्या शाळांमध्ये देशव्यापी मोहीम सुरू झाली. युनेस्कोच्या २०१९च्या अहवालानुसार जगातल्या साधारण ३२ टक्के विद्यार्थ्यांना मागच्या महिन्याभरात एकदा तरी सोबत्यांकडून असा त्रास झाला होता.

आता त्या मुलाच्या शरीरात काय चालतं ते पाहू. दांडगट समोर आला की मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग धोक्याची सूचना देतो. अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात उतरतं, छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, स्नायू ताठरतात. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या प्रतिसादाचं वर्णन ‘लढा किंवा पळा’ असं केलं. पण पुष्कळ मुलं लढतही नाहीत आणि पळतही नाहीत. ती थिजतात. बलवान शत्रूसमोर निश्चल होणं ही प्राणिजगतातली फार जुनी प्रतिक्रिया आहे. त्यात भित्रेपणा शोधणं हा त्या मुलावर अन्याय आहे. शिवाय तीव्र ताणात कपाळामागचा, विचार करणारा आणि शब्द निवडणारा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, नीट काम करेनासा होतो. म्हणूनच घरी आल्यावर मूल सांगतं, ‘मला तेव्हा काही सुचलंच नाही.’ ते खरंच बोलत असतं. अशा वेळी ‘तू असं का नाही म्हणालास?’ हा प्रश्न विचारून काही उपयोग नसतो.

युद्धकलेचा सराव नेमका इथे शिरतो. ताणाखाली मेंदू विचारपूर्वक निर्णय घेण्याऐवजी अंगवळणी पडलेल्या सवयींकडे झुकतो. मग आपल्याकडे चांगल्या सवयी तयार असायला हव्यात. पाय खांद्याएवढे फाकवून उभं राहणं, हात मोकळे छातीसमोर धरणं, एक पाऊल मागे घेऊन अंतर राखणं, पोटातून आवाज काढून ‘थांब!’ म्हणणं: शेकडो वेळा केलेल्या या हालचालींना त्या क्षणी सुचावं लागत नाही. कराटेतली आरोळीही मुळात जोराने सोडलेला श्वास असते, आणि थिजलेलं मूल नेमका श्वासच धरून बसलेलं असतं.

श्वासाची बाजू जास्त मजेची आहे. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना मंदावते. हृदयाला लगाम घालणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचं हे काम. त्यामुळे सावकाश, लांबवून सोडलेल्या श्वासाने धडधड उतरू लागते. २०१७मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात शास्त्रज्ञांनी याच्याही पुढचा दुवा शोधला. मेंदूच्या देठात श्वासाची लय ठरवणारं एक केंद्र असतं. त्यातल्या जेमतेम पावणेदोनशे पेशींचा एक गट, मेंदूला सावध ठेवणाऱ्या भागाला सतत निरोप धाडत असतो. या पेशी काढून टाकल्यावर उंदीर श्वास घेत राहिले, पण कमालीचे शांत झाले. हुंगत फिरण्याऐवजी निवांत बसून अंग चाटू लागले. श्वास आणि मनाची अवस्था यांच्यातली तार शरीरात खरोखर जोडलेली आहे, याचा हा प्रत्यक्ष पुरावा. माणसाचा मेंदू उंदराहून फार गुंतागुंतीचा आहे हे खरं, तरी ‘आधी श्वास सोड, मग बोल’ या जुन्या शिकवणीकडे मी त्यानंतर जास्त आदराने पाहू लागलो.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांचं उदाहरण मला गोष्टीतल्या कुठल्याही नायकापेक्षा जवळचं वाटतं. १८६०मध्ये जपानमध्ये जन्मलेला हा मुलगा अभ्यासात हुशार आणि अंगाने किरकोळ होता. वसतिगृहातली थोराड मुलं त्याला त्रास देत. म्हणून तो जुजुत्सू ही जपानची जुनी झोंबीची युद्धकला शिकला आणि १८८२मध्ये त्याने तोक्योतल्या एका मंदिरात मोजक्या शिष्यांसह ज्युदो सुरू केलं. त्यामागचं तत्त्व कानो साध्या अंकगणिताने समजावत. समोरच्याची ताकद १० आणि माझी ७ आहे. त्याने ढकललं आणि मी विरोध केला तर मी हरणार. पण मी त्याच्या ढकलण्याबरोबर मागे सरलो तर त्याचा तोल पुढे जातो. तोल गेलेल्या माणसाला ताकद वापरता येत नाही. त्याच्या १०पैकी ३ उरतात, माझा तोल शाबूत म्हणून माझे ७ तसेच. यामागचं भौतिकशास्त्र अगदी सरळ आहे. शरीराचा गुरुत्वमध्य पावलांनी व्यापलेल्या जागेच्या बाहेर गेला की कितीही बलवान माणूस पडतो, आणि मग त्याला पाडायला थोडकं बळ पुरतं. ज्युदोच्या वर्गात मुलाला सुरुवातीलाच पडायला शिकवतात, हेही मला मोलाचं वाटतं. पडलो तरी लागणार नाही हे अंगाला ठाऊक झालं की धक्क्याची दहशत कमी होते.

पण कानो तिथेच थांबले नाहीत. ते पेशाने शिक्षक होते आणि आपलं व समोरच्याचं, दोघांचंही भलं हे त्यांनी ज्युदोचं दुसरं सूत्र ठरवलं. जपानभर कराटे पोचवणाऱ्या गिचिन फुनाकोशी यांची शिकवणही प्रसिद्ध आहे: कराटेत पहिला वार नसतो.

ही सूत्रं भिंतीवर लावायची शोभा आहे, की त्यांनी खरंच फरक पडतो? १९८६मध्ये याची परीक्षा झाली. अमेरिकेतले संशोधक मायकेल ट्रल्सन यांनी गुन्हेगारी प्रवृत्तीच्या ३४ किशोरांचे तीन गट केले. एका गटाला तायक्वांदो ही लाथाठोशांची कोरियन युद्धकला पारंपरिक पद्धतीने शिकवली: तंत्राबरोबर ध्यान, आदर, संयम. दुसऱ्याला तेच तायक्वांदो, पण नुसतं लढण्याचं. तिसऱ्या गटाने धावणं आणि इतर खेळ केले. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची आक्रमकता घटली. दुसऱ्या गटाची गुन्हेगारी वृत्ती उलट वाढली. लाथा त्याच, ठोसे तेच. गट फार लहान होते, एवढ्याशा प्रयोगावर इमारत उभारता येत नाही. पण २००५मध्ये स्वतः ओल्व्हेउस आणि त्यांच्या सहकारी इंगर एन्ड्रेसन यांनी नॉर्वेतल्या ११ ते १३ वर्षांच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा मुष्टियुद्ध, कुस्ती, भारोत्तोलन आणि पौर्वात्य युद्धकला यांत भाग घेणाऱ्या मुलांमध्ये समाजविरोधी वागणूक वाढलेली दिसली. दुसऱ्या बाजूला, २००४च्या एका अभ्यासात शाळेतल्या २०७ मुलांपैकी काहींना नेहमीच्या व्यायामाऐवजी तीन महिने तायक्वांदो दिलं. ‘मी आत्ता काय करतोय आणि काय करायला हवं?’ असं स्वतःला विचारायची त्यांना शिकवण होती. त्यांचा आत्मसंयम आणि वर्गातली वागणूक सुधारली.

माझ्या मते हे निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. काय शिकवलं यापेक्षा कशासाठी शिकवलं, हे ठरवतं. वर्ग निवडताना पालकांनी पदकांची कपाटं पाहू नयेत. एक तास बसून सराव पाहावा. हरलेल्या मुलाशी गुरू कसे बोलतात? थोराड मूल किरकोळ मुलाबरोबर जोडीला आलं की त्याने जोर आवरावा अशी अपेक्षा असते का? मुलांना हसं करून शिस्त लावली जाते का? जिथे गुरूच दमदाटी करतात, तिथे मूल दमदाटीच शिकेल.

आता कडेला उभ्या असलेल्या मुलांकडे येऊ. कॅनडातल्या डेब्रा पेपलर आणि वेंडी क्रेग यांनी शाळेच्या मैदानावर दुरून चित्रीकरण करून, मुलांच्या अंगावर छोटे मायक्रोफोन लावून दादागिरीचे प्रसंग टिपले. दर शंभरातल्या ८८ प्रसंगांत इतर मुलं हजर होती. मध्ये पडली फक्त १९ प्रसंगांत. पण जेव्हा कुणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा दादागिरी दहा सेकंदांच्या आत थांबली. दहा सेकंद! इतकी परिणामकारक लाथ कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९०च्या दशकात दाखवलं, की दांडगटाभोवती साथ देणारे, हसून चेतवणारे, अलिप्त राहणारे आणि पाठीशी उभे राहणारे अशा भूमिका वर्गातल्या मुलांत वाटलेल्या असतात. दांडगटाला बहुतेकदा वर्गात वजन हवं असतं आणि ते प्रेक्षकच देतात.

म्हणून मला अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ स्टुअर्ट ट्वेमलो आणि सहकाऱ्यांचं काम सर्वांत आशादायक वाटतं. त्यांनी शाळांमध्ये युद्धकलेवर आधारलेला कार्यक्रम राबवला. त्यात पवित्रे आणि श्वास होतेच, पण बघ्याने मदतीला कसं यावं याचाही सराव होता. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीन प्राथमिक शाळांतल्या २५४ मुलांपैकी ज्या मुलग्यांनी जास्त तास हजेरी लावली, त्यांची आक्रमकता कमी दिसली आणि ते इतरांच्या मदतीलाही जास्त धावले. मुलींमध्ये मात्र असा फरक आढळला नाही. मुलींच्या वाट्याला येणारा त्रास पुष्कळदा वेगळा असतो: गटातून तोडणं, अफवा, अबोला. आज यातलं बरंच फोनच्या पडद्यावर चालतं. तिथे पवित्रा कुणापुढे घ्यायचा?

तिथे मोठ्यांनाच पुढे यावं लागतं, आणि खरं तर सगळीकडेच यावं लागतं. कराटे शिकलेल्या मुलालाही ‘आता तुझं तू बघ’ असं सांगणं चूक आहे. ताकदीतला फरक भरून काढणं ही त्याची एकट्याची जबाबदारी नाही. साल्मिवालींच्या गटाने फिनलंडमध्ये उभारलेल्या ‘किवा’ कार्यक्रमाची ७८ शाळांत चाचणी झाली आणि दादागिरी कमी झाली. त्यात शिक्षक त्रास देणाऱ्या मुलाशी सर्वांसमोर नव्हे, तर बाजूला घेऊन बोलतात. मग वर्गात ज्यांच्या शब्दाला मान आहे अशा दोन ते चार मुलांना वेगळं बोलावतात आणि त्रास सोसणाऱ्या मुलाला तुम्ही कशी सोबत द्याल, हे त्यांनाच ठरवायला सांगतात.